बॅटरीशेजारचं स्टूल

३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही.

तुम्ही जोडून दिलेल्या सायकलला मी मोटार बसवली आहे. पाच महिने झाले. चाकात नाही, खाली दोन पेडलांच्या मधोमध, आसावर. मी जेवढा पाय दाबते त्या प्रमाणात ती जोर देते आणि पाय थांबला की तीही थांबते. सगळा जोर चेनवरूनच मागे जातो. हे तुम्हाला विचारून करायला हवं होतं. तुम्ही नको म्हणाल म्हणून विचारलं नाही.

दवाखान्याने माझ्याकडे जखमांच्या पट्ट्या बदलायला सात घरं दिली आहेत, त्यांतली तीन टेकडीवर. चालत गेले की वर पोचायलाच चाळीस मिनिटं लागतात, मग तिघांपैकी एकाचीच पट्टी होते. वरच्या सुतारकाकांच्या पायाची जखम दिवसाआड धुतली नाही तर पाय राहील का, हे मोठ्या सिस्टर स्पष्ट बोलत नाहीत. आता मी अकरा मिनिटांत वर असते.

अडचण बॅटरीची आहे. दवाखान्यात ऑक्सिजनची नळकांडी असतात, तिथे ती चार्ज करू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. म्हणून मी ती खोलीवर आणते. गेल्या आठवड्यात माझ्या मनात आलं की इमारतीतल्या लोकांना हे माहीत असायला हवं. मी जिन्यात कागद लावला. बॅटरी कुठे असते, किती वेळ चार्ज होते, मी शेजारी कशी बसते, सगळं लिहिलं. आणि अशा बॅटऱ्या क्वचित पेट घेतात, हेही लिहिलं. ते खरं आहे ना.

तेव्हापासून इमारतीचे चिटणीस मला पाहून दार लावून घेतात. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई मला बॉम्बवाली म्हणतात, पण हसून. रविवारी सभा आहे.

आणखी एक कबुली. टेकडीच्या शेवटच्या वळणावर मी पाय दाबूनच गिअर बदलला आणि चेन तुटली. चूक माझी, चेनची नाही.

रागावलात तरी पत्र टाकाच. लोभ कमी झाला तर निदान कळेल किती.

तुमची मुलगी


७ फेब्रुवारी

चि. काळजीबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता, दुसऱ्यांदा विश्वास बसेना म्हणून.

सगळ्या जिन्याला सांगितलंस आणि बापाला पाच महिने नाही. शाबास. कुणी विचारलं होतं का तुला, की बाई, तुझी बॅटरी पेटते का? आपल्या घरात काय आहे ते आपण सांभाळावं. कागद कसला लावतेस?

इथे तुझी आई मध्ये बोलली, म्हणून तिचंही लिहितो. ती म्हणाली, सायकलदुरुस्तीच्या दुकानात पाटी कुणी टांगली? ज्याच्या हातून चूक होईल त्याने गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच्या हाताने पाटीवर लिहायची, हा नियम कुणाचा? पोरीने आयुष्यातलं पहिलं अख्खं वाक्य त्याच पाटीवर लिहिलं, की मी ब्रेकची तार उलटी लावली. आता तिने जिन्याची पाटी केली तर ओरडता कशाला? तिचं म्हणणं लिहिलं, पण म्हणून मी हरलो असं नाही.

मोटार काढून टाक. सायकल पायांनी चालते. मोटार लावली की पाय नुसते शोभेला राहतात, मग आसाच्या खाली असो की डोक्यावर. माझीच सायकल हल्ली दुकानाच्या चढावर रोज चेन टाकते आणि मला उशीर होतो. म्हणून मी मोटार लावली का? सिस्टरना सांग, टेकडी दुसऱ्या कुणाला द्या. तू खालची घरं कर.

तुटलेली चेन फेकू नकोस, पाठवून दे. माणसांपेक्षा मला चेन लवकर समजते.

आईची माया नेहमीची. माझी सध्या चिडलेली आहे, पण आहे.

बाबा


१२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चेन सोबत पाठवते आहे, पुसून, तेल लावून. मोटार काढलेली नाही आणि काढणार नाही.

तुम्हाला नाही म्हणायची मला सवय नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. पण दुसरं कुणी म्हणजे कोण? टेकडीवर जायला दुसरं कुणी नाही, म्हणून तर आधी सुतारकाकांच्या पायाची ती अवस्था झाली. त्यांच्या जखमेची कड आता गुलाबी दिसते. छत्तीसपर्यंतचे आकडे तुम्ही मला चाकाच्या स्पोकवर शिकवलेत, एक स्पोक ढिला राहिला तर चाक डुलतं असं सांगून. तीन घरं सोडून चार घरांचं चाक मला फिरवता येणार नाही.

सभा झाली. बारा घरांपैकी सात विरुद्ध, पाच माझ्या बाजूने. चिटणिसांनी ठराव वाचून दाखवला की बॅटरी इमारतीच्या आत ठेवता वा चार्ज करता येणार नाही. मी हात वर करून विचारलं की अंगण आत धरायचं की बाहेर. ते म्हणाले, अंगण म्हणजे अंगण. मी तसं लिहून घेतलं.

आता बॅटरी सायकलींच्या छपराखाली पत्र्याच्या पेटीत कुलपात असते. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी मी ती भिंतीपासून दूर फरशीवर ठेवते, माझ्याच खिडकीतून वायर खाली सोडते, शेजारी वाळूची बादली आणि एक स्टूल. चार तास मी स्टुलावरून उठत नाही. काल चिटणीस दोनदा खाली आले. दुसऱ्यांदा म्हणाले की लोक बघतात, बरं दिसत नाही. मी म्हटलं, बघावं म्हणूनच बसले आहे. 

येत्या बावीसला, रविवारी, अकरा वाजता ते अंगणाविरुद्ध ठराव आणणार आहेत, अंगणातच. मी साडेनऊला प्लग लावणार आहे.

एक विचारू? चेनला हात लावला की कुठली कडी आखडली ते डोळे मिटून सांगणाऱ्या माणसाची स्वतःची चेन रोज पडते, हे मला पटलेलं नाही.

आईला नमस्कार. तुमची चिडलेली माया चालेल, पण वरचेवर पाठवा.

तुमची मुलगी


१६ फेब्रुवारी

चि. काळजीबाई हिस,
आशीर्वाद.

चेन मिळाली. बाकावर पसरून मापली. एवढी झीज व्हायला तीन-चार वर्षं लागतात, तू पाच महिन्यांत केलीस. तुटलेल्या कडीची पट्टी पिळवटली आहे, म्हणजे भर चढावर गिअर टाकलास हे खरं लिहिलंस. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवायचा, बदलताना पाय एक क्षण हलका सोडायचा. हे तुला सातव्या वर्षी सांगितलं होतं. मोटारीला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तुला लक्षात ठेवावं लागेल.

ही हौसेने फिरलेली चेन नाही. यात पाय किती आणि मोटार किती, ते मात्र चेन सांगत नाही. ते तुझ्याकडून ऐकून घ्यायला हवं होतं. मी ऐकलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझी चेन पडत नाही. गेलं वर्षभर मी त्या चढावर सायकल हातात धरून चालतो. गुडघे ऐकत नाहीत. चेन पडली असं घरी सांगायचो, दुकानात यायच्या आधी हाताला काळं तेल फासायचो. आज सकाळी हे सगळं पाटीवर लिहिलं. पोस्टमनने मोठ्याने वाचलं. तुझ्या आईला आधीच माहीत होतं, हे मला आत्ता कळलं.

मोटार काढायची नाही. ठराव कुठलाही होवो.

बावीसला दुकान बंद. स्टूल माझं मी आणतो.

तुझी आई म्हणते, आता माया नीट लिहा. लिहिली, असं समज.

बाबा


२४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलात ना? चार वाजताच्या गाडीसाठी तुम्ही एकलाच निघालात, तेव्हा मला बॅटरी सोडून फाटकापर्यंत येता आलं नाही. तुम्हीच तिथून हाताने खूण केलीत, की बसून राहा.

तुम्ही होतात तेव्हाचं पुन्हा लिहीत नाही, फक्त एवढंच की ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. चिटणीस ठरावाची वही घेऊन उभे, अख्खी इमारत गॅलरीत, आणि तुम्ही काही न भांडता त्यांच्यापुढे दुकानातली पाटी आणि खडू धरलात. म्हणालात, ठराव जरूर करा, फक्त आमच्या दुकानाच्या रीतीने आधी यावर तुमच्या हाताने लिहा, की उद्यापासून टेकडीवरच्या सुतारांची पट्टी होणार नाही, आणि खाली सही करा. त्यांनी खडू घेतला, पाटीला टेकवला आणि परत उचलला. शेवटी शिंपीणबाई वरून ओरडल्या की लिहिता येत नसेल तर मी खाली येऊ का.

तुम्ही गेल्यावर ते पुन्हा आले. म्हणाले, ठराव पुढच्या महिन्यात बघू. म्हणजे मी जिंकलेले नाही. पुढच्या महिन्यात ते पुन्हा येतील. मीही स्टुलावर असेन. जाता जाता त्यांनी वाळूच्या बादलीत पाहिलं आणि वाळू कमी आहे म्हणाले. बरोबर होतं. मी भर घातली.

पाटी तुम्ही विसरला नाहीत, ठेवून गेलात, हे मला कळलं. ती छपराच्या खांबाला टांगली आहे आणि त्यावर लिहिलं आहे की इथे बॅटरी चार्ज होते, मी शेजारी बसले आहे. काल टेकडीवर गिअर आधी उतरवला, पाय हलका सोडला. चेन शांत होती. सुतारकाका काठी घेऊन दारापर्यंत आले होते.

आता एक काम. तुमच्या सायकलच्या पेडलांचा आस जिथून जातो, त्या नळीची रुंदी मिलिमीटरपर्यंत मोजून उलट टपाली कळवा. कशासाठी ते विचारू नका आणि नको म्हणू नका. तुम्ही नाही कळवलीत तर आईने कळवावी. मोजपट्टी गल्ल्याशेजारच्या खणात आहे.

आईला नमस्कार. लोभ चढावरही असाच राहावा.

तुमची
काळजीबाई