साहेबांची शाल

प्रिय दादा,

फोन करत नाही, कारण तू तो गाडीत उचलतोस आणि शेजारी आमदारसाहेब असतात. आई उद्या अकोल्याला परत येतेय, तिच्या पिशवीत हे पत्र टाकते आहे.

इथे अमरावतीत तालमी चालल्यात की भांडणं, आमचं आम्हालाच कळेना. दोनशे वर्षांपूर्वीचा इटालियन ऑपेरा मराठीत गायचा, तोही तबला-हार्मोनियमवर! उमराव झालेला गोपाल आत्तापासूनच चहा मागवताना नुसतं बोट हलवतो. हसू येतं, पण जेवणात लक्ष नाही. उठते, पाणी पिते, पुन्हा शेवटचा प्रवेश काढून बसते.

गोष्ट तुला सांगितली होती. गावच्या विहिरीला उमरावाने कुलूप लावलेलं. एक पोरगा ते तोडतो आणि तळघरात कोंडला जातो. बहीण दरबारात गाते, उमराव विरघळतो, माफी देतो, सगळे त्याचे गुण गातात आणि पडदा पडतो. आम्ही ती आजच्या वऱ्हाडात आणली. विहिरीच्या जागी टँकर, दरबाराच्या जागी सत्कार समारंभ. बहीण मी करते आहे. शेवटी मी उमरावाला शाल पांघरायची, असं बसवलं होतं. शाल आपल्या घरचीच, साहेबांच्या सत्कारांतून तू आणून दिलेल्या ढिगातली.

परवा आई तालमीला आली. शेवट बघून सगळ्यांसमोर म्हणाली, "माफी कायची देऊन राह्यला हा? पोरानं का चोरी केली होती?" पोरं हसली. मला हसता आलं नाही. दादा, कॉलेजात असताना तू साहेबांचाच टँकर अडवलास, पोलिसांनी नेलं, साहेबांनीच एका फोनवर सोडवलं. दुसऱ्या दिवशी याच आईने त्यांना शाल पांघरली होती. तेव्हापासून तू त्यांच्या गाडीत बसतोस, आणि त्यांना मिळालेल्या शालींच्या घड्या करतोस. किती छान गायचास रे तू! सुटलास, असं सगळे म्हणतात. मला नाही वाटत तू सुटलास, आणि याचा मला फार राग येतो.

म्हणून शेवट बदललाय. तळघरातून भावाचा आवाज येतो, मी शाल उमरावाच्या पायाशी ठेवते आणि त्या आवाजाकडे चालू लागते. गुणगान कुणीच गात नाही.

रविवारी अकोल्यात प्रयोग. सभागृह तूच मिळवून दिलंस. पहिल्या रांगेत साहेब असतील, त्यांच्या शेजारी तू. त्यांना कळायला वेळ लागणार नाही, आणि मग ते आधी तुझ्याकडेच बघतील. तुला अंधारात ठेवून हे करायला माझं मन घेत नाही. एका फोनवर तू प्रयोग बंद पाडू शकतोस. पाडायचा तर पाड, मी येऊन कडाकडा भांडेन, आणि तुझ्याच घरी जेवेन. नाही पाडलास, तर मात्र पहिल्या रांगेत बसू नकोस. आई मागे बसणार आहे. शेजारच्या खुर्चीवर तिने तुझ्यासाठी पिशवी ठेवलेली असेल.

तुझीच, अजून तुझ्या गाण्याची वाट बघणारी,
प्रियू