थांबा, भाव उतरेल

आप्पा,

दुकान उघडलं की तुम्ही आधी गणपतीला उदबत्ती लावायचात, मग ओल्या फडक्यानं पाटी पुसायचात आणि खडूनं त्या दिवसाचे भाव लिहायचात. ज्वारी, गहू, तूरडाळ, गूळ. मालक गादीवर येऊन बसायच्या आत तुमची, दिवाणजींची, पाटी तयार. शाळेत जाताना मी पायरीशी उभी राहून ती वाचायची. मला पाढ्यांच्या आधी भाव पाठ होते, असं आई कौतुकानं सांगायची. कधी पाटी कोरी राहिलेली मला आठवत नाही. महाग असो, स्वस्त असो, आकडा असायचाच. म्हणून आषाढात वरच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, "आंटी, अब चावल का रेट ही नहीं है," तेव्हा मला आधी कळलंच नाही. मी वहीत लिहायला पेन उघडून बसले होते. म्हटलं, रेट नहीं है म्हणजे? "चावल नहीं है तो रेट किसका?" ती म्हणाली. मी पेनाला टोपण लावलं.

तुम्हाला जाऊन छत्तीस वर्षं झाली. मी आठ वर्षांपासून अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला मुलाकडे आहे. मुलगा-सून दोघं कॉम्प्युटरवर काम करतात. घर भाड्याचं, खालच्या मजल्यावरचं. तुम्ही मॅट्रिकच्या निकालाला दिलेली लाल कापडी बांधणीची वही केव्हाच भरली, पण तिच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरातलं 'श्री' आणि खाली 'जमा', 'खर्च' असं लिहिलेलं आहे म्हणून ती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आहे. आताच्या वह्या इथल्याच, पण मांडणी तीच. कोथिंबीर एका दुकानात डॉलरला दोन जुड्या आणि दुसऱ्यात तीन असेल तर मी मुलाला तीनच्या दुकानात न्यायला लावते. तो वैतागतो. "आई, यार, यापेक्षा जास्तीचं पेट्रोल जळतं!" मी पेट्रोलही वहीत मांडते, म्हणून तो शेवटी गाडी काढतो.

तुमचा नियम एकदा कळल्यावर मी कधी मोडला नाही. दहा वर्षांची असेन, तुम्ही मला गोडंतेल आणायला पाठवलं होतं. भाव वाढलेला पाहूनही मी बरणी भरून आणली. तुम्ही ओरडला नाहीत. बरणी माझ्या हातात परत दिलीत आणि म्हणालात, "जा, ओतून ये त्याच्या डब्यात. चढत्या भावात घ्यायचं नाही. गिऱ्हाईक थांबलं की भाव थांबतो." भर पेठेत तेल परत करताना मला रडू फुटलं होतं. आठ दिवस आपण कोरडी चटणी खाल्ली आणि नवव्या दिवशी भाव खरंच उतरला. तुम्ही मला दुकानात बोलावून पाटी दाखवलीत. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा काय आनंद होता, आप्पा.

वरची बाई तुमच्या वेळी ज्याला ब्रह्मदेश म्हणायचे तिकडची, डोंगराळ भागातली. तिकडे मारामारी सुरू झाली तशी ती नवऱ्याबरोबर निघाली, नऊ वर्षं दिल्लीत काढली आणि मग इकडे आली. म्हणून तिला हिंदी येतं, माझ्यापेक्षा बरंच बरं. आमच्या देशी दुकानात ती भाजीच्या विभागात काम करते. ओळख झाली ती तांदळामुळे. मागं एकदा तांदूळ मिळायचा बंद होणार अशी आवई उठली आणि आपली माणसं गाड्या भरभरून पोती न्यायला लागली. माझाही मुलगा चार पोती ढकलत रांगेत उभा राहिला. मी तिथंच त्याच्या हातातून तीन परत ठेवायला लावली. "रुको, भाव उतरेगा," असं मी आपलं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. लोक हसले. पण महिना-दोन महिन्यांत भाव खरंच उतरला. ज्यांनी पोती भरली त्यांच्या तांदळात किडे झाले. ती सगळं बघत होती. तेव्हापासून मी तिची हिसाबवाली आंटी. सून हसून म्हणायची, "आई, आता तुम्ही फी लावा."

तिची थोरली बहीण, बहिणीची तीन पोरं आणि म्हातारी आई तिकडेच राहिली. गावात फोन लागत नाही. बहीण आठवड्यातून एकदा टेकडी चढून वर जाते, तिथं लागतो. मग रविवारी चर्चमधून आली की ही खाली माझ्याकडे चहाला येते आणि तिकडचे भाव सांगते. मीच तिला विचारायला शिकवलं होतं की नुसतं महागलं महागलं म्हणू नको, आकडा विचार. मी वहीत एक पान वेगळं केलं. तांदूळ, तेल, मीठ, साबण, दुखण्याची गोळी. तुमच्या पाटीसारखं. दर रविवारी आकडा वाढलेला. ही इथून शंभर पाठवायची, त्यातले पंधरा-वीस मधला माणूस कापायचा, आणि उरलेले तिथं पोचेपर्यंत तांदूळ आणखी वर गेलेला असायचा. नात एकदा ते पान बघून म्हणाली, "आजी, व्हाय आर यू रायटिंग समवन एल्सेस ग्रोसरी?" मला वाटायचं, आकडा लिहिला की तो आपल्या मुठीत येतो.

वैशाखातला एक रविवार. ती समोर बसली आहे, कप हातात फिरवते आहे, चहा पीत नाही. पावसाळ्यात त्यांचा रस्ता बंद होतो. चार महिन्यांचा तांदूळ आधीच भरून ठेवावा लागतो. भाव गेल्या वर्षीच्या दुप्पट. खाली मैदानात उन्हाळी भात निघायचा होता. "आंटी, दीदी पूछती है, सारा अभी ले ले, या रुके?" मी चार महिन्यांचा हिशेब मांडला. तिनं जमवलेल्यापेक्षा तीनशे डॉलर कमी पडत होते. तो आकडा आम्हा दोघींच्या मध्ये वहीवर होता. तिनं मागितले नाहीत. ती मागणाऱ्यातली नव्हेच. ती नुसती कप फिरवत राहिली. आणि मी म्हटलं, "रुको. अभी पंधरा दिन का लो. नया चावल आयेगा, भाव उतरेगा." तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "आप बोलती हो तो ठीक," म्हणाली आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायली.

नवा तांदूळ निघालाही असेल, पण डोंगरापर्यंत आला नाही. बाराव्या दिवशी लढाई खालच्या पुलापाशी आली आणि पूल पडला. त्यानंतरच्या रविवारी तेल तिप्पट. त्यानंतर मीठ मिळेना. मग तांदूळ वाटीनं विकायला लागले. मग मी सुरुवातीला लिहिलं ते वाक्य, रेटच नसल्याचं. श्रावणात बहिणीनं सांगितलं, आई आपली वाटी पोरांच्या ताटात ओतते आणि मला भूक नाही म्हणते. दुसऱ्या दिवशी माझा सोमवारचा उपवास होता. मी भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू करून ठेवला होता. वहीत पाहिलं तर माझ्या एका उपवासाचा खर्च रोजच्या जेवणाच्या दुपटीहून जास्त. आजवर कधी माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. पुढच्या सोमवारी मी पाण्यावर राहिले. देवाला ते कळलं असेल, पण तिच्या आईच्या वाटीत त्यानं काय पडणार होतं? म्हातारी श्रावण सरायच्या आत गेली.

मी समाचाराला वर गेले. वाटलं, बोलेल काहीतरी. बोलावं, असंच वाटत होतं. तिनं मला खुर्ची दिली, दुकानातून माझ्यासाठी राखून ठेवलेल्या कोथिंबिरीच्या तीन जुड्या दिल्या आणि म्हणाली, "आपने तो सही बोला था आंटी. भाव उतरना ही था. हमारी किस्मत." मी त्या जुड्या घेऊन खाली आले. आता बहीण पोरांना घेऊन सरहद्दीकडे निघाली आहे म्हणे. तेवीस दिवस झाले, फोन नाही. आज ती कामावरून आली तशी दारात उभी राहिली आणि विचारलं, "आंटी, आपको क्या लगता है?" अजून मलाच विचारते. मी म्हटलं, येईल फोन. देव्हाऱ्यासमोर बसले तर समईची वात लावायलाही मन होईना. इतकी वर्षं ज्याच्याशी बोलत आले त्याला आता काय मागायचं ते सुचत नाही.

म्हणून तुम्हाला लिहिते आहे. कारण तुमचा तो नियम मी तिला अर्धाच सांगितला.

मी बारा वर्षांची होते. रेडिओवर लढाईच्या बातम्या, ज्वारीचा भाव रोज चढता. बायका दुकानाच्या पायरीशी गर्दी करत होत्या आणि तुम्ही हात जोडून सांगत होतात, "थांबा बाई, नवी ज्वारी आली की भाव उतरेल." आणि त्याच दुपारी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना, हमालाच्या पाठीवरून आपल्या घरात पोतं आलं. मग दुसरं. तुम्ही ती देवघराच्या भिंतीला लावलीत आणि वर गोधड्या टाकल्यात. मी विचारलं, "आप्पा, भाव उतरणार आहे ना?" तुम्ही म्हणालात, "उतरला तर चार पैसे गेले. नाही उतरला तर?" मग गोधडी सारखी करत म्हणालात, "बाहेर बोलायचं नाही." त्या वर्षी भाव उतरला का, मला आठवत नाही. आपल्याला कळायची गरजच पडली नाही. मी त्या पोत्यांना टेकून अभ्यास करायची.

मी तुम्हाला दोष देत नाही. चार पोरांच्या बापानं आणखी काय करावं? पण त्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरात शंकरपाळ्यांच्या डब्यात चारशे ऐंशी डॉलर होते. कूपनं कापून, जुड्या मोजून चार वर्षांत साठवलेले. गावच्या देवळात आईच्या नावानं समयांची जोडी द्यायची म्हणून. परवा मी डबा तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "अब किसको भेजूँ, आंटी?" आणि झाकण लावून परत दिला. ते पैसे कुठे मांडावेत मला कळत नाही. हे पान फाडून तुमच्या लाल वहीत ठेवते. तिथं कुणी उघडून बघत नाही.

एवढंच सांगायचं होतं, आप्पा. ती कप फिरवत होती आणि मी "रुको" म्हणत होते, तेव्हा मला ती पोती आठवत होती.