अन्सेल्मोने मारलेला डोराडो

गुरुवार, १० ऑक्टोबर. एस्किना

पोचलो एकदाचे! पाणी निवळलंय, म्हणजे डोराडो मासा वर येणारच.

आम्हा तिघांच्या मासेमारीच्या सहलीचं एकतिसावं वर्ष. वाटेत रुफिनोने तीनदा गाडी थांबवायला लावली – एकदा एम्पनादा खायला, दोनदा लघवीला. म्हटलं, "पोट आहे की पोतं रे जाड्या!" तर म्हणतो, "आधी तुझी पिशवी बघ. गळांचा डबा आणलास का?" नव्हता आणला! एकतीस वर्षांत पहिल्यांदा. अन्सेल्मोने स्वतःचा जादा डबा माझ्या मांडीवर ठेवला. आई परवडली, इतकी काळजी करतो हा माणूस.

शुक्रवार, ११

अक्षर धड येत नाहीये.

अन्सेल्मोने डोराडो मारला.

मारला! अन्सेल्मोने! अजून खरं वाटत नाही.

साडेनऊला माझ्याच गळाला लागला होता. वीस मिनिटं झुंजला. नऊ किलोचा तरी असेल, पिवळाधमक. सिरिलो नावाडी नेहमीसारखा फोनवर शूटिंग करत होता. मासा होडीत घेतला, फोटो झाला, आता पाण्यात सोडायचा – मग मी बहुतेक माते – आमचा पाल्याचा कडू चहा – भरायला थर्मासकडे वळलो. वळलोच असणार. बघतो तर मासा तळाशी, डोकं फुटलेलं. पिरान्या मारायचा सोटा शेजारी पडलेला. माझ्या शर्टभर रक्त उडालेलं.

"कोणी? कोणी केलं हे?" मी ओरडलो.

रुफिनोने तोंड उघडलं, तेवढ्यात अन्सेल्मो म्हणाला, "मी. मी मारला. हात गेला रे, जुनी सवय."

जुनी सवय! हो, तरुणपणी आम्ही पहिला डोराडो मारून, भाजून, लिंबू पिळून खायचो. पण त्याला जमाना झाला! सोळा वर्षांपूर्वी याच काठावर तिघांनी नदीत हात बुडवून शपथ घेतली – जो डोराडो मारेल तो पुन्हा आमच्या होडीत बसणार नाही. शब्द माझे होते. पहिला हात अन्सेल्मोने बुडवला होता.

सहा वर्षांचे असल्यापासूनची दोस्ती आमची. आणि आता मीच याला होडीतून उतरवायचं?

शनिवार, १२

उतरवलं.

सकाळी त्याने माझ्यासाठी माते भरून आणली, दोन चमचे साखर घालून, मला लागते तशी. मी ती वाळूत ओतली. म्हटलं, "पुढच्या वर्षीपासून येऊ नकोस." वाटलं, भांडेल, चार शिव्या घालेल. तर म्हणाला, "बरं. पण उद्या गाडी रुफिनोला चालवू दे. तू चालवू नकोस." ऐका! चूक याची आणि वर मलाच शहाणपण!

रुफिनो रडला. एवढा मोठा बाप्या, हमसून हमसून! "एवढं तुटेपर्यंत ताणू नको रे, ओक्तावियो. आपण म्हातारे झालो." म्हटलं, "म्हातारे झालो म्हणून शपथ म्हातारी होत नाही." तो अन्सेल्मोकडे बघून म्हणाला, "सांगू दे ना मला!" अन्सेल्मो त्याच्यावर खेकसला, "गप बस!" काय सांगणार होता? वकिली करणार असेल त्याची.

सिरिलोचंही काहीतरी बिनसलंय. आदराने ‘डॉन’ म्हणतो ते नेहमीचंच, पण दिवसभर माझ्याशी तान्ह्या पोराशी बोलावं तसं बोलत होता. "डॉन, टोपी घाला. डॉन, सावकाश, माझा हात धरा." मला काय धाड भरलीय!

रविवार, १३. रोसारिओ

घरी. अन्सेल्मोने माझी पिशवी दारापर्यंत आणली आणि पायरीवर उभं राहून नोएलियाशी बराच वेळ कुजबुजला. माझीच पोरगी, पण आत आली ती माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, "त्याला आत बोलवायचं नाही."

"जातो रे, भावा," तो बाहेरूनच म्हणाला.

मी दार लावून घेतलं. बरोबरच केलं. मग छातीत एवढं का दुखतंय?

सोमवार, १४

जेवण गेलं नाही. तीनदा फोन उचलला, तीनदा खाली ठेवला. त्याने करावा.

बुधवार, १६

सिरिलोने शूटिंग पाठवलं. सोबत निरोप – "डॉन अन्सेल्मोंनी पाठवू नको म्हणून बजावलं होतं. पण माझ्या होडीत चांगल्या माणसाच्या नावाला बट्टा लागला, मला घास गिळवत नाही."

नोएलिया म्हणाली, "बाबा, नका बघू."

बघितलं. चारदा बघितलं.

सोटा माझ्या हातात आहे. मी हसतोय. "लिंबू काढा रे!" म्हणतोय. अन्सेल्मो माझं मनगट धरून ओरडतोय, "नको, ओक्तावियो, सोड, सोड त्याला!" मी त्याला ढकलून घाव घालतो. तीन घाव. मग सोटा टाकतो, खाली बघतो आणि विचारतो, "कोणी? कोणी केलं हे?"

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

ओक्तावियो, उद्या उठून पुन्हा अन्सेल्मोला शिव्या घालायला लागलास तर आधी हे पान वाच. मासा तू मारलास. त्याला फोन कर.