धुतल्यावर न जाणारा रंग

मी, राजकन्या भुजंगराव ढगे, वय वर्षे सत्तावन्न, धंदा ब्युटी पार्लर, राहणार जुन्या बस स्टँडच्या मागे, लोहा, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय, माझ्याच हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराचा दाखला कुणी मागितला नाही, ते बरंच झालं. शुगरने दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी नांदेडला डायलिसिस असतं. चार तास मशीनला बांधलेली असते आणि परतल्यावर स्वतःच्या घराचं कुलूप काढायचाही कंटाळा येतो. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि पुन्हा करायची ताकद नाही.

कलम १. वडील भुजंगराव यांच्याकडून माझ्या वाट्याला आलेली पाऊण एकर जमीन माझा धाकटा भाऊ शिवशंकर याला द्यावी. वीस वर्षं तो ‘अक्का, सही करून टाक’ म्हणत होता आणि वीस वर्षं मी ‘बघू’ म्हणत होते. लोभ नव्हता. माहेरी जायला काहीतरी निमित्त असावं, एवढंच होतं. आता घे बाबा.

कलम २. माझ्या लग्नाचा फ्रेम केलेला फोटो बिलोलीचे भागवतराव यांना पोचता करावा. कायद्याने ते अजून माझे पती आहेत. १९८५ साली त्यांच्याकडची माणसं मला बघायला आली, तेव्हा माझी आई केवळाबाई हिने माझ्या तोंडाला, मानेला आणि कोपरापर्यंत हाताला पावडर फासली होती. पोरगी पसंत पडली. लग्नानंतर मी न्हाणीघरातून बाहेर आले, तर सासूबाई रुक्मिणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आरं, ही ती पोरगी न्हाईच!” दोन वर्षं तशीच काढली. मग भागवतरावांनी मला एसटीत बसवून दिलं. फोटोत मी गोरी आहे. त्यांनी पसंत केलेली मुलगी त्यांनी ठेवून घ्यावी.

न्हाणीघराच्या त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं, की धुतल्यावर न जाणारा रंग कुठे मिळतो. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

कलम ३. मागच्या दोन खोल्या, पार्लर, तीन आरसे, खुर्च्या, वाफेचं मशीन आणि नवरी सजवायची पेटी माझ्याकडे चौदा वर्षं काम करणाऱ्या वर्षाराणीला द्यावी. पेटीतल्या जुन्या लिपस्टिका आधी फेकाव्यात. वर्षाराणीला एक अट आहे, ती कलम पाचमध्ये लिहिली आहे.

कलम ४. सोनं म्हणावं तर माझ्याकडे कानातलंच आहे, तेही वर्षाराणीला. बाकी बत्तीस वर्षांची अक्कल आहे. ती तिने दुकानात येणाऱ्या बायांना फुकट वाटावी.

वीस वर्षांच्या आतल्या पोरीला फेशियल नको आणि ब्लीच मुळीच नको. पाणी, सौम्य साबण, पिंपल फोडायचे नाहीत, संपलं. आया ऐकत नाहीत. “पाव्हणे येऊन राहिले बाई, कायतरी करा” म्हणतात. त्यांना चहा पाजून परत पाठवावं. विशीत सुरकुती दिसत नसली तरी ती तेव्हाच उन्हात तयार होत असते. रोज सकाळी दोन बोटं भरून सनस्क्रीन लावायचं, आभाळ आलेलं असलं तरी. स्कूटीवालीने आणि रानात जाणारीने रुमाल बांधावाच, पण नुसत्या रुमालाने भागत नाही. मेकअप धुतल्याशिवाय झोपू नये.

तिशीत अंघोळ झाली की ओल्या कातडीवरच क्रीम लावावं. सुरकुत्यांचं औषधी क्रीम त्वचेच्या डॉक्टरला विचारूनच, आणि पोटात बाळ असेल तर नाहीच. चाळिशीत पाळी मागेपुढे व्हायला लागली की कातडी कोरडी पडते. तेव्हा नेमक्या बाया पावडर वाढवतात आणि पावडर रेघेत जाऊन बसते. त्यापेक्षा पातळ फाउंडेशन बोटाने थापावं. डोळ्यांखाली ओढाओढ नको. मिश्री सोडावी, ओठाभोवतीच्या रेघा तिनेही पडतात. हे मी मिश्री लावता लावता सांगत आले, म्हणून कुणी ऐकलं नाही. पन्नाशीनंतर लिपस्टिकचा एक रंग आणि पोटभर झोप. साठीनंतरचं मला माहीत नाही आणि आता होईल असंही वाटत नाही.

कलम ५. हिरव्या झाकणाची डबी. लोहा, कंधार, बिलोलीच्या कितीतरी घरांत ती गेली. बायका तिला ‘राजकन्याचं क्रीम’ म्हणायच्या. त्यात काय किती होतं ते लिहीत नाही, लिहिलं की कुणीतरी बनवेल. मुख्य माल खाज-खरजेवरचं स्टेरॉइडचं मलम होतं. पंधरा दिवसांत पोरगी उजळायची आणि पाहुणे हो म्हणायचे. काही पोरी लाल तोंड घेऊन परत यायच्या. मी म्हणायचे, “गर्मी भायेर पडून राहिली. जळतंय म्हंजे उजळतंय.” आणि आणखी एक डबी द्यायचे. लावणं थांबवलं की भडका उडतो आणि लावलं की बसतो, हे मला दिसत होतं. का, ते मी कुठल्याही डॉक्टरला विचारलं नाही. विचारलं असतं तर डबी बंद करावी लागली असती.

शिवशंकरची थोरली दीपमाला माझ्याकडे राहून कॉलेज करत होती. अठराव्या वर्षी एका स्थळाने ‘रंग कमी’ म्हणून नकार कळवला. ती रडली नाही, मी रडले. दुसऱ्या दिवशी तिला डबी दिली आणि पुढे दोन वर्षं देत राहिले. लातूरचं चांगलं स्थळ जमलं. २०१४ च्या मे महिन्यात, हळदीच्या मांडवात, तिचं तोंड पेटल्यासारखं लाल झालं. मी वर जाड थर चढवला आणि नवरी उभी केली. सासरी डबी संपली आणि कातडी सोलून निघाली. तिने फोनवर विचारलं, “आत्या, कशानं झालं हे?” मी म्हटलं, “लातूरचं बोअरचं पाणी जड हाय, बाई. तुला मानवलं न्हाई.”

तिने विश्वास ठेवला. माहेरी आली की परतताना इथल्या पाण्याचे कॅन लोह्याच्या स्टँडवर एसटीत घालून लातूरला न्यायची, नुसतं तोंड धुण्यापुरते. लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या वर्षीही नेत होती. सासरची माणसं हसायची. आज ती एकतीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते. गालाची कातडी इतकी पातळ झाली आहे की खालच्या शिरा दिसतात. डोळ्यांपाशी माझ्याएवढ्या रेघा आहेत. वर्गातली पोरं मागून आजीबाई म्हणतात, हे तिने मला हसत सांगितलं होतं. त्यानंतरही मी डबी बनवत होते. गेल्या दिवाळीपर्यंत.

म्हणून लिहून देते की दीपमालाच्या चेहऱ्याचं जे झालं ते पाण्याने झालं नाही. डबीने झालं. डबी मी दिली आणि खोटंही मीच बोलले. मला त्याची लाज वाटते. वर्षाराणीला अट एवढीच, की ही डबी या दुकानात पुन्हा बनू नये. ती म्हणते, “बाया दुसरीकडं जातील, मॅडम.” जाऊ दे. बनवल्याचं कळलं तर दुकान शिवशंकरकडे जाईल.

दीपमालाला मी काहीही ठेवत नाही. दिलं तर ती भरपाई होईल आणि तिची भरपाई माझ्याकडे नाही. शिवाय वकील नागसेन यांच्या म्हणण्याप्रमाणे ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला ती साक्षीदार हवी आहे. नागसेन म्हणाले, “मॅडम, साक्षीदारानं आतलं वाचायची गरज नसते. तुम्ही सही करताना बघितलं की झालं.” ऐकून मला आधी हायसं वाटलं. मग वाटलं, मेल्यावर खरं कळवायचं, तर हीसुद्धा पावडरच झाली. तिला वाचायला देणार आहे.

कलम ६. मी गेल्यावर नवरा जिवंत म्हणून बाया हळदीकुंकू आणि हिरव्या बांगड्या घेऊन येतील. काही लावू नये. साध्या पाण्याने तोंड धुवावं आणि काळं पडलेलं, सुरकुतलेलं, जसं असेल तसं लोकांना दिसू द्यावं. कोणी धुवावं ते लिहीत नाही. हक्काने सांगावं असं माणूस मी राखलेलं नाही.

पुरवणी. आज रविवारी दीपमाला लातूरहून पहिल्या एसटीने आली. तोंडाचा रुमाल सोडून पार्लरच्या खुर्चीत बसली आणि वरचा सगळा मजकूर तिने वाचला. पाचवं कलम दोनदा वाचलं. मग विचारलं, “तुला कवापासून ठाव व्हतं?”

“लाल तोंडाची पहिली पोरगी आली, तवापासून.”

“हळदीच्या दिशी बी?”

“हाव.”

तिने खुर्ची आरशाकडे वळवली. मग म्हणाली, “स्टँडवर कॅन उचलू लागायचीस तू मला, आत्या.”

मी कागद सारखे करायला लागले. ती म्हणाली, “पेन दे.”

वरील सर्व मजकूर मी लिहिला असून तो खरा आहे. खाली दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करते.

ठिकाण: लोहा, जि. नांदेड
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) राजकन्या भुजंगराव ढगे

साक्षीदार १: महादेवप्पा, टेलर, शेजारचे दुकान. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
(सही)

साक्षीदार २: दीपमाला, शिक्षिका, लातूर. सगळं वाचून सही केली. माफ केलेलं नाही. तोंड मी धुईन.
(सही)