मी गेल्याचं मीच सांगणार

हे वाचणाऱ्या माझ्या मुला, आधी उठ आणि गॅस बंद केलास का ते बघून ये. दूध ठेवून विसरला असशील. माझ्या कागदाच्या शेवटापर्यंत तुझं लक्ष टिकेल अशी माझी अपेक्षा नाही. सुरुवात तू ऐकत नाहीस आणि शेवटी तुला डुलकी लागते, म्हणून महत्त्वाचं मी मधे घातलं आहे.

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उमटवणारी, वय कुणी लिहून न ठेवल्यामुळे अंदाजे ऐंशीच्या पुढे, व्यवसाय पूर्वी शिवणकाम व हल्ली सगळ्यांना बोलणे, या कागदाने जाहीर करते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी मला तपासून सांगितलं आहे. मला कुणी धमकावलेलं नाही, फसवलेलं नाही, भरीला घातलेलं नाही. यापूर्वी मी तोंडी ज्याला जे देऊ केलं ते सगळं आजपासून रद्द. भांडणाच्या भरात देऊ केलेलं तर आधीच रद्द होतं.

मला अक्षरओळख नाही. मी बोलते आहे आणि शेजारच्या टायपिस्टबाई टाइप करत आहेत. त्यांची सगळी नोकरी कोर्टात टायपिंग करण्यात झाली, त्यामुळे मी ‘माझं घर’ म्हटलं की त्यांच्या मशीनमधून ‘सदर सदनिका’ बाहेर पडते.

मी म्हटलं, “बाई, मी म्हणते तेच लिहा ना.”

त्या म्हणाल्या, “आजी, कायद्यात असं चालत नाही.”

“मग कायद्याला सांगा, म्हातारी हट्टी आहे.”

शेवटी तडजोड झाली. घर आणि पैसे त्यांच्या भाषेत, माणसं माझ्या भाषेत.

कलम १. सदर सदनिका, दोन खोल्या, स्वयंपाकघर व रस्त्याकडील गॅलरी यांसह, माझ्या पश्चात संपूर्णपणे व कायमची माझ्या नातीच्या मालकीची होईल. तीवर माझ्या मुलाचा अगर अन्य कोणाचाही हक्क वा हिस्सा राहणार नाही.

मुला, लगेच तोंड पाडू नकोस. हे घर तुझ्या मुलीच्या कमाईचं आहे. तेव्हा ती वयाने लहान, म्हणून कागदावर माझं नाव घातलं. राखणदार घर परत करतो आहे, याहून जास्त या कलमात काही घडत नाही. तू आणि सूनबाईने जन्मभर इथेच राहावं असं नातीचं म्हणणं आहे. मी तिला विचारलं आहे. माझी अट फक्त एक. या घरात कॅमेरा येणार नाही. घरच्या घरी फोटो काढायचे ते काढा. पण चाकांवरून ढकलत आणतात तसला कॅमेरा, ते दिवे, आणि “काकू, जरा तिकडे सरकता का” म्हणणारी माणसं यांना उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावायचं. अट मोडली की तुमची राहण्याची परवानगी संपली.

पुढे एखाद्या परक्या वकिलाच्या हाती हा कागद पडेल. त्याला वाटेल, म्हातारीचं कॅमेऱ्याशी वैर कसलं? त्याच्यासाठी सांगते.

माझी नात पाच वर्षांची असल्यापासून बारा वर्षांची होईपर्यंत टीव्हीवरच्या मालिकेत काम करत होती. तिचं त्यातलं नाव ठिणगी. घरातल्या सगळ्या मोठ्यांना उलट उत्तरं देणारी कारटी. सूनबाई दवाखान्यात नर्स, मुलगा पाण्याचे पंप विकत गावोगाव फिरायचा, म्हणून सेटवर रोज तिच्याबरोबर मी. तिला तेव्हा वाचता येत नव्हतं आणि मला कधीच आलं नाही. मग सहायक पोरगी आम्हाला संवाद वाचून दाखवायची, मी ते कानात धरायची, आणि मेकअप रूममध्ये तेच शब्द घेऊन नातीशी भांडण उकरून काढायची. ती तावातावाने उत्तर द्यायची. तसंच तापलेलं तिला कॅमेऱ्यापुढे उभं करायचे. लोक म्हणायचे, काय सहज बोलते पोर! सहज कसलं? ती माझ्याशी भांडत असायची.

रस्त्यात लोक तिचे गाल ओढायचे. ओळख ना पाळख, चांगले मिशा असलेले बाप्ये वाकून म्हणायचे, “बोल ना गं ते ठिणगीचं, बोल ना.” नाही बोलली तर त्यांना राग यायचा.

बारा वर्षांची झाली तेव्हा एक दिवस तोंडावरचा मेकअप पुसता पुसता म्हणाली, “आजी, उद्यापासून नको.”

“मग काय करायचंय?”

“मला कुणी बघणार नाही असं काहीतरी.”

ते तिने शोधून काढलं. आज ती कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे जबडे येतात, त्यावर ती मेणात दात बसवते. एका लॅबच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, चार-पाच जणांच्या सोबतीने. तिच्यापुढे दिवसभर लोकांची तोंडं असतात आणि माझं सोडलं तर एकाही तोंडाने तिला कधी पाहिलेलं नाही. ती सुखात आहे. तिला काही झालेलं नाही, तिचं काही बिघडलेलं नाही, तिचं नशीबही फिरलेलं नाही. गावभर हळहळणाऱ्यांना हे कलम वाचून दाखवावं.

तर मागच्या महिन्यात टीव्हीवाले घरी आले. ‘ठिणगी आता काय करते’ असा कार्यक्रम करायचा म्हणे, आणि आजी-नात शेजारी बसलेल्या हव्यात. नातीने फोनवर नाही सांगितलं. मीही नाही सांगितलं. माझ्या मुलाने मात्र त्यांना बसवून चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडायला गेला. माझे गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत. जिन्यात तो त्यांना म्हणाला, “आई आहे तोवर कठीण आहे. तिच्यानंतर बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टायपिस्टबाईंना हाक मारली.

मुला, तू वाईट नाहीस. लेकीचं कौतुक झालेलं तुला आवडायचं, आणि ते अजून कुठेतरी चालू आहे असं तुला वाटतं. पण ‘तिच्यानंतर’ काय करायचं ते आता तू बघायचं नाहीस. मी बघून ठेवलं आहे.

कलम २. पलंगाखालची ट्रंक. आतले ठिणगीचे फ्रॉक मीच शिवले, पोर वाढेल तशी त्यांची शिवण मीच उसवून लांबी सोडली. कुणी ते काचेच्या कपाटात मांडायला मागेल. त्याआधी कात्री लावून त्यांची फडकी करावीत. कापड चांगलं आहे, पाणी झटकन टिपतं. बक्षिसाच्या ढाली वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला लावाव्यात. जुन्या टेप नातीच्या एकटीच्या. ठेवेल, जाळेल, तिची मर्जी.

कलम ३. माझ्या नावची बँकेतील ठेव मुलगा व सून यांना निम्मी निम्मी. शिवणयंत्र सूनबाईला. तिला शिवता येत नाही, पण त्यावर उशी ठेवून ती पेपर वाचत बसते, त्या जागेची तिला सवय आहे.

कलम ४. माझी कवळी नातीने केली आहे. मापाला मी तिच्यापुढे तोंड उघडून बसले तेव्हा म्हणाली, “आजी, जन्मात पहिल्यांदा तुझं तोंड उघडं आहे आणि तू बोलत नाहीयेस.” ती कवळी माझ्या तोंडातच राहू द्यावी. वर गेल्यावर कुणाशी गाठ पडेल सांगता येत नाही, बोलायला लागेल.

कलम ५. मालिकेचे दिग्दर्शक.

ठिणगीचं मांजर हरवतं आणि ती रडते असा प्रसंग होता. माझी नात तेव्हा सात वर्षांची. काही केल्या रडेना. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं तर शिंकत सुटली, सगळा सेट हसला. दिग्दर्शक मला म्हणाले, “आजी, तुम्ही जरा बाहेर जाऊन चहा घ्या.” मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत ते पोरीसमोर उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “बाळा, तुझी आजी बाहेर चक्कर येऊन पडली गं. गेली ती.” कॅमेरा आधीच चालू करून ठेवला होता.

ते रडणं लोक अजून एकमेकांना फोनवर पाठवतात.

आत टाळ्या वाजल्या आणि नात धावत बाहेर आली. मी चहात बिस्किट बुडवत होते. ती चार हात लांबच थांबली. मग हळूच आली आणि माझा गाल चिमटीत धरून असा ओढला की डोळ्यांत पाणी आलं. लोक तिचा ओढायचे, अगदी तसा.

“आजी, तू आहेस?”

“आहे की. बिस्किट पडलं ना माझं.”

काय झालं ते मला नंतर सहायक पोरीने सांगितलं. मी दिग्दर्शकांना काय काय म्हटलं ते टायपिस्टबाई लिहायला तयार नाहीत. दिग्दर्शक मात्र अजून फोन करतात आणि म्हणतात, “आजी, तो शॉट म्हणजे इतिहास आहे.” त्यांना मी काही ठेवत नाही, माफीसुद्धा नाही. माझ्या शेवटच्या दर्शनाला आले तर हाकलू नये. बाहेर पायरीवर बसवून चहा द्यावा. आत घेऊ नये.

कलम ६. मुला, जागा हो. मधे घातलंय म्हटलं ते हे.

त्या दिवशी गाडीतून घरी येताना नात मला म्हणाली, “तू खरंच मरशील तेव्हा मला कोण सांगेल?”

“सांगेल कुणीतरी.”

“मी नाही विश्वास ठेवणार.”

“मग मीच सांगेन.”

“नक्की?”

“नक्की. मी खोटं बोलते का कधी?”

“बोलतेस. पण माझ्याशी नाही.”

लहान मुलाला असलं काहीबाही सांगतो आपण, आणि ते विसरून जाईल म्हणतो. ती विसरली नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बापाने फोन केला, “आजी ठीक आहे.” तिचा विश्वास बसला नाही. हाताला कामाचं प्लास्टर तसंच वाळलेलं, धापा टाकत दवाखान्यात आली, पट्टी बांधलेल्या म्हातारीचा गाल ओढला, आणि मगच खुर्चीत बसली. खरी वेळ येईल तेव्हा तिला कुणी फोनवर “आजी गेली” म्हटलं, तर ती पुन्हा त्या दिव्यांखाली उभी राहील. आणि ‘तिच्यानंतर बघू’ म्हणून थांबलेले लोक खरोखरच कॅमेरा घेऊन दारात असतील, जुनं रडणं आणि नवं रडणं शेजारी शेजारी दाखवायला.

सबब माझा हुकूम असा.

मी गेल्यावर कुणीही कुणालाही फोन करू नये. मुलाने आपला फोन बंद करून टायपिस्टबाईंकडे द्यावा. माझा आवाज रेकॉर्ड करून नातीला पाठवू नये. सगळ्यांनी तसं सुचवलं, पण असले आवाज कसे तयार करतात ते तिला लहानपणापासून ठाऊक आहे. खालचा मजकूर वेगळ्या कागदावर टाइप करून त्यावर माझा अंगठा घेतला आहे. तो घेऊन सूनबाईने स्वतः नातीच्या कामाच्या जागी जावं. सूनबाईने दवाखान्यात पुष्कळ लोकांना अशा बातम्या सांगितल्या आहेत, गप्प कसं राहायचं ते तिला कळतं. कागद वाचून होईपर्यंत तिने एक शब्द बोलू नये. नात घरी येऊन माझा गाल ओढेपर्यंत मला हलवू नये, आणि बाहेर कुणाला कळवूही नये. तिला यायला वेळ लागला तर लागू दे.

मजकूर असा:

“पोरी, मी गेले. या वेळी खरंच. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाहीस म्हणून मीच सांगते आहे, ठरल्याप्रमाणे. अक्षर माझं नाही, पण खोड माझीच आहे हे तुला कळेल. रडू आलं तर रड. नाही आलं तर कुणी बाहेर चहाला पाठवणार नाही, आणि आलं तर कुणी टाळ्या वाजवणार नाही. हातातला जबडा आधी पुरा कर, कुणीतरी जेवायचं थांबलं असेल. मला आता कुठे जायचं नाही. मग ये आणि गाल ओढून बघ. गार लागेल. तेवढं एक खरं मान, आणि घरात बस. घर तुझं आहे.”

टायपिस्टबाई थांबल्या आहेत. मी म्हटलं, “बाई, कागद भिजला तर पुन्हा सगळं टाइप करावं लागेल.” त्या म्हणाल्या, “करीन.”

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी टायपिस्टबाईंनी करावी. त्यांना या कागदाने काहीही मिळत नाही, म्हणून त्यांच्यावर कुणाला संशय घेता येणार नाही. माझ्या शिव्या त्यांनी फुकट ऐकल्या, ती त्यांची हौस.

वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी माझं बोलणं सौम्य केलं होतं, ते मी पुन्हा कडक करून घेतलं. मग साक्षीदारांसमोर अंगठा दिला.

अंगठा: डावा, उमटला आहे.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई, सही. कोपऱ्यावरचे कुलूपवाले, सही. दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या. कुलूपवाल्यांचे हात तेलकट होते, तो डाग कागदाचाच भाग समजावा.

स्थळ: सदर सदनिकेचे स्वयंपाकघर.

दिनांक: आजचा. टायपिस्टबाईंनी वर कोपऱ्यात घातला आहे.

अंगठा देऊन झाल्यावर सुचलेलं, तरी तितकंच कायदेशीर. याखाली दुसरा अंगठा, त्याच साक्षीदारांसमोर.

सूनबाईने रिकाम्या हाताने जाऊ नये. मोठा डबा न्यावा, तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना पुरेल एवढा. एकटीपुढे ताट ठेवलं की सगळे आपल्याकडे बघताहेत असं नातीला वाटतं आणि घास उतरत नाही. गोड काहीही पाठवायचं नाही, फळसुद्धा नको. सेटवर पोर रडून झाली की तिच्या हातावर चॉकलेट ठेवायचे. मऊ भात पाठवा आणि उकडलेले बटाटे. मीठ-मिरी वेगळी बांधून द्या. आणि गरम पाठवा.