लॅपटॉपची साफसफाई आणि तुमचा गुडघा

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे तूर्त कागदावरच). विनंती विशेष आहे, पण ती शेवटी करतो. आधीच केली तर तुम्ही पुढचं वाचायचे नाही. तुमचा गुडघा कसा आहे? त्याची घाई करू नका. गुडघा ही सावकाश बरी होण्याची गोष्ट आहे, आणि तुमच्या धाकट्या बहिणीला तुमच्या सेवेला मी अगदी मोकळ्या मनानं पाठवलं आहे. वहिनींचं ब्लडप्रेशर, दुकानातली गिऱ्हाइकं, मागच्या अंगणातलं ते चावरं कुत्रं, सगळे खुशाल असतील अशी आशा करतो. इकडे मी ठीक आहे. घरही ठीक आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. दादा, राग मानू नका, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलता. मागे एकदा मी तुमच्याकडच्या भाजीबद्दल दोन शब्द बोललो, ते स्वयंपाकघरात वहिनींनी ऐकले आणि पुढच्या खेपेला मला जेवायला वाढताना त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. आत्ताचा विषय त्या भाजीपेक्षा नाजूक आहे. म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुमच्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. वाचून झालं की फाडून टाका, आणि घरी चेहरा नेहमीसारखा ठेवा (म्हणजे थोडा त्रासलेला).

तर झालं असं, की ही निघताना दारात चपला घालता घालता मला म्हणाली, लॅपटॉपला हात लावू नका. बाकी दूध, गॅस, कुलूप याबद्दल काही नाही, फक्त एवढंच. आता मला सांगा, ज्या माणसानं पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म मीटर दुरुस्त करण्यात घालवला, जो सध्या 'घरच्या घरी दुरुस्ती' हा ग्रंथ सवडीनुसार त्याच लॅपटॉपवर लिहितो आहे, त्याला असं सांगावं का? पण मी काही मनावर घेतलं नाही. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. तो लॅपटॉप इतका मंद झाला आहे की बटण दाबून चहा टाकावा, चहा गाळावा, पिऊन कप विसळून ठेवावा, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच असतं. ही रोज दुपारी त्याच्यासमोर गालाला हात लावून बसते. म्हटलं, ती परत येईपर्यंत तो नवा करकरीत करून ठेवू. आतली जुनी सिस्टिम समूळ काढायची आणि कोरी घालायची. बायकोला साडी सगळेच घेतात.

यासाठी पहिली गोष्ट लागते ती मूळ डिस्क, लॅपटॉपबरोबर आलेली. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, मी खोका टाकत नाही. इस्त्रीचा, पंख्याचा, गेल्या पंख्याचा, सगळे खोके माळ्यावर आहेत. माळ्यावर चढलो (कंबर तिथेच धरली), लॅपटॉपचा खोका सापडला, त्यात थर्माकोल जसाच्या तसा, कुठल्या कुठल्या भाषांतली माहितीपुस्तिका जशीच्या तशी, आणि डिस्कचं पाकीट रिकामं. मी ताबडतोब मनातल्या मनात हिला दोष दिला. सगळी कपाटं उपसली. मग दमून गॅलरीत वाऱ्याला उभा राहिलो, तर डोळ्यावर काहीतरी चमकलं. डिस्क समोर लटकत होती. कबुतरं येऊ नयेत म्हणून ती मीच दोऱ्याला बांधून टांगली होती, हे मला तेव्हा आठवलं. ऊनपावसानं तिची पार चाळण झाली होती, आणि शेजारी कठड्यावर एक कबुतर निवांत बसलं होतं. तरी मी ती पुसून लॅपटॉपात घातली. आतून असा आवाज आला की मिक्सरमध्ये खिळे वाटतायत. मग तो खण उघडेचना. डिस्क अजून आतच आहे.

म्हणजे आता विनाडिस्क काम करणं आलं. वरच्या मजल्यावर एक रिटायर झालेले बँकवाले राहतात, त्यांना विचारलं. त्यांना सगळ्यातलं सगळं येतं. ते म्हणाले, अहो, डिस्क कोण वापरतं आता, कंपनीच्या साइटवरून सिस्टिम पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची, लॅपटॉप त्यावरून चालू करायचा, झालं. परवान्याचा नंबर तेवढा खाली चिकटवलेला असतो तो उतरवून घ्या. मी लॅपटॉप उलटा केला. कागद होता, पण नंबर नव्हता, कारण मागच्याच महिन्यात मी लॅपटॉपचं पोट घासणीनं स्वच्छ केलं होतं (ग्रंथातलं सहावं प्रकरण, 'यंत्रांची बाह्य निगा'). बँकवाल्यांनी त्या कोऱ्या कागदावरून एकदा बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, असू दे, तुमच्या मशीनच्या पोटात तो नंबर असणार, तेच आपलं आपण ओळखेल. आणि खरंच पुढे त्यानं ओळखला. त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह तयार करून दिला, आणि मी जिना उतरताना दोनदा सांगितलं, आधी तुमचं सामान बाहेर काढून ठेवा, आतलं सगळं पुसलं जातं.

दादा, मी इतका वेंधळा नाही. घराला रंग द्यायचा तर आपण आधी खोली रिकामी करतो, हे मला कळतं. आणि त्या लॅपटॉपात काय आहे, हेही मला चांगलं माहीत होतं. अंध मुलांच्या शाळेसाठी ही पुस्तकं वाचून त्यात आवाज भरून ठेवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वर्षभर चाललं आहे. दुपारी आतल्या खोलीचं दार लावायचं, पंखा बंद, आवाज घुमू नये म्हणून खिडकीवर गोधडी, आणि आत घामाघूम होऊन ही वाचत बसते. तेवढा वेळ कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, मी शिंकायचं नाही (शिंक आली तर जिन्यात जायचं). तर मी आपला दुसरा पेनड्राइव्ह लावला (ऑफिसनं निरोप समारंभात दिलेला) आणि पडद्यावर जी जी तिच्या पुस्तकांची चित्रं होती, इतिहास, भूगोल, गोष्टी, ती सगळी एकेक करून त्यात नेऊन टाकली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक बाण होता. मला वाटलं, निघायला तयार आहेत अशी खूण असेल. काम डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं. वर्षभराचं वाचन क्षणात बाहेर. एवढा मंद लॅपटॉप याच कामात एवढा चपळ कसा, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता.

पुढचं काय सांगू. चालू होतानाच एक विशिष्ट बटण दाबायचं असतं. कोणतं ते आठवेना म्हणून मी वरची ओळच्या ओळ पेटी वाजवल्यासारखी दाबली, आणि जमलं. मशीननं विनयानं विचारलं, जुनं ठेवू की सगळं काढू. मी म्हटलं, काढ बाबा सगळं, सामान बाहेर आहे. तासाभरात लॅपटॉप कोरा करकरीत झाला. बटण दाबलं की हजर. मी तीनदा बंद करून चालू केला, निव्वळ आनंदासाठी. पडद्यावर हिचा फोटो लावला, तुमच्या दुकानाच्या उद्घाटनातला, त्यात ती हसते आहे. मग तिची पुस्तकं परत आत ठेवली आणि सहज म्हणून इतिहास उघडला. पडद्यावर आलं, ही फाइल सापडत नाही. भूगोल, सापडत नाही. गोष्टी, सापडत नाही. आणि वर फोटोत ही हसतेच आहे.

दुरुस्तीवाल्याकडे धावलो. त्यानं पेनड्राइव्ह बघितला आणि म्हणाला, काका, तुम्ही दारावरच्या पाट्या काढून आणल्यात, घरं तिथेच राहिली. मी म्हटलं, मग घरं कुठे आहेत? तो म्हणाला, तुम्हीच पाडलीत. त्यानं लॅपटॉप ठेवून घेतला आहे. खोल खणून काही निघतं का बघतो म्हणाला, पण भरवसा देत नाही, आणि वेळ लागेल म्हणतो.

दादा, मी घाबरलो आहे. ओरडा बसेल याची भीती नाही, ओरडा मला पचतो. शाळा उघडली की ती मुलं हिच्या आवाजाची वाट बघणार आणि मी काय सांगू? आणि खरं सांगायचं तर काल दुपारी त्या वेळेला मी सवयीनं कुकर लावला नाही, नळही सोडला नाही, दाराबाहेर तसाच बसून राहिलो, तेव्हा लक्षात आलं की वर्षभर मी बाहेर बसून ते सगळं ऐकत होतो. इतिहास तर मला पाठ झाला आहे. तो आवाज मी माझ्या हातानं पुसला, याचं वाईट वाटतं. फार वाटतं.

असो. वहिनींना नमस्कार, कुत्र्याला लांबूनच.

आपल्या घरचे एकुलते एक जावई

ता. क. माझ्या चष्म्याची दांडी निघाली होती, ती मी घरीच चिकटवली. आता ती मिटत नाही. चष्मा उशाशी पंख पसरून झोपतो. एखादा इलाज कळवावा.

ता. क. दुसरा. विनंती विशेष ती अशी, की तुमचा गुडघा आणखी आठवडाभर बरा होऊ देऊ नका. जिने चढताना कण्हा, रात्री हाक मारा, डॉक्टर काही म्हणोत. पण हिला थांबवून घ्या. तोवर काही निघालं तर निघालं, नाहीतर तेवढ्या दिवसांत तोंड कसं दाखवायचं ते तरी ठरवीन. आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही (शिडी सोडून).

ता. क. तिसरा. दादा, हे मी लिहितेय, धाकटी. तुला न सांगता पहाटेच्या गाडीनं निघाले त्याबद्दल रागावू नकोस, तुझा गुडघा कालपासून घरभर हिंडतोय हे मी बघितलं होतं. घरी पोचले तर हे पाकिटाला टपालाचं तिकीट आणायला गेलेले आणि पत्र टेबलावर उघडं. माझं काहीही गेलेलं नाही. एक धडा वाचून झाला की मी शाळेत नेऊन देते. यांच्याबरोबर इतकी वर्षं संसार केलेली बाई घरात काही एकाच जागी ठेवेल का? त्या लॅपटॉपवर एकच गोष्ट अशी होती की जिची दुसरी प्रत नव्हती, ती म्हणजे यांचं 'घरच्या घरी दुरुस्ती'. तीन वर्षं लिहितायत. सगळं पत्र दोनदा वाचलं. माझ्या आवाजासाठी एवढे कासावीस झाले, पण स्वतःचं पुस्तक गेलं हे यांच्या अजून लक्षातही आलेलं नाही. 

पण तेही गेलेलं नाही. हे घरी नव्हते तेव्हा मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून शाळेत दिलंय. मुलं ते पुन्हा पुन्हा लावायला सांगतात. विनोदी पुस्तक म्हणून त्यांना ते फार आवडतं, घासणीचं प्रकरण तर तोंडपाठ आहे. मुलं हसतात एवढं मात्र यांना सांगू नकोस; हे पत्र मीच पेटीत टाकते. आता माझा आवाज ऐकत ऐकत सगळं पुस्तक पुन्हा लिहून काढावं लागेल, तर लिहू देत. दुपारी, दार लावून, पंखा बंद करून. मी कुकर लावणार नाही.