मुलाखतीऐवजी पुलाव

आदरणीय अब्दुकहार मामा,

ओशहून नफोसतचा सलाम. गुडघे काय म्हणतात? कझानची ती रशियन थंडी सोसवते ना? मामी, मुलं, जावई, जावयाची ती सतत बंद पडणारी गाडी, सगळं खुशाल असेलच. इकडेही खुशाल. (आईचं ब्लडप्रेशर सोडून. तेही तिच्यासारखंच, कुणाचं ऐकत नाही.)

तुमची भाची प्रबंध लिहितेय. इथल्या आपल्या अल्पसंख्य उझबेक मोहल्ल्यांवर २०१० च्या त्या जूनमध्ये झालेली हिंसा आणि नंतरचा भेदभाव, असा भारदस्त विषय. प्रत्यक्षात मी नुसती जेवतेय. माझी प्रश्नावली (विद्यापीठातल्या थोर डोक्यांची करणी!) सुरू होते ती ‘घरी सगळं ठीक? काही त्रास?’ अशी. आता आपल्याकडे पाहुण्यानं असं विचारल्यावर कोण खरं सांगतं? ‘देवाची कृपा, तुमचं कसं?’ की आलाच चहा, मग नान, मग पुलाव. हुर्रिया खालांच्या तेव्हा जळालेल्या अर्ध्या घरावर अजून छप्पर नाही. त्या उघड्या खोलीकडे पाठ करून मलाच म्हणतात, “आम्हाला कसलं दुःख गं? तू खा, किती वाळलीस!” मामा, मला माझे स्कर्ट होत नाहीत! मार्गदर्शक बाई तर वैतागल्यात. “तुझ्या कागदांवरून या शहरात भेदभाव नाहीच, फक्त अपचन आहे,” म्हणाल्या.

बरं, लोक बोलत नाहीत असंही नाही. बोलतात, पण निरोप देताना, फाटकापाशी. माझा एक पाय बुटात, रेकॉर्डर पिशवीच्या तळाशी, आणि तेव्हा हळूच निघतं: नाव ऐकून मुलाला कामावरून परत पाठवलं, नातीच्या बाकावर कुणी बसत नाही. रेकॉर्डर काढला की पुन्हा देवाची कृपा. मी थकले हो. ऐकलेलं सगळं डोक्यात घेऊन घरी यायचं आणि कागद कोराच.

परवा तोशतेमीर अकांकडे गेले, तुमचे नानवाले दोस्त. तेही फाटकापर्यंत गप्प. मग म्हणाले, “त्या लोकांनी माझं नानचं दुकान जाळलं तेव्हा तुझ्या मामानं मला मागच्या भिंतीवरून ओढून काढलं. कोण कोण होतं ते आम्ही दोघांनी पाहिलं. तो कझानला जाऊन गप्प बसला. आता मी एकटाच बोलू आणि एकटाच मार खाऊ?” एवढं बोलून मला दोन नान बांधून दिले. मला रडूच आलं.

काळजी घ्या.

तुमची,
नफोसत

ता. क. : मामा, या. दोन दिवसांसाठी या. अकांच्या शेजारी बसून बोला. तुम्ही बोललात तर ते बोलतील, आणि मग अख्खी गल्ली बोलेल.

ता. क. २ : हे तुम्हाला लिहायचं नाही अशी आईनं मला शपथ घातली आहे. “त्याची झोप परत उडवू नकोस,” म्हणाली. पण आज सकाळपासून तिनं तुमची गादी अंगणात उन्हात टाकली आहे, आणि ती कुणासाठी, हे मला विचारू देत नाही.